फिरतीसाठी हलकी झूम लेन्स: फोंड्याच्या सरांना उत्तर

प्रश्न विचारणारे फोंड्याला शिक्षक आहेत. त्यांच्याकडे निकॉन डी७५० हा डीएसएलआर कॅमेरा आणि त्यावर २४-७० मिमी एफ/२.८ जी लेन्स आहे. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ: तो लहान तितके दृश्य रुंद, म्हणजे वाइड, मोठा तितके लांबचे जवळ. एफ/ पुढचा आकडा लहान तितका आत येणारा उजेड जास्त.) सुटीच्या दिवशी तांबडी सुर्ला, दिवाडी, काब द राम, पावसाळ्यात चोर्ल्याचा घाट आणि सडे (जांभ्या दगडाची पठारे) असे त्यांचे फिरणे असते, शिवाय अधूनमधून गोव्याबाहेरची एखादी सहल. आता खांदा बोलू लागला आहे. त्यांनी विचारले आहे: "दर्जा न घालवता वजन कमी करणारी एकच झूम लेन्स सुचवा. की सरळ मिररलेसच घेऊ?"

सर, उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. निव्वळ वजनासाठी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेऊ नका. २४-७० घरी ठेवा आणि निकॉनचीच २४-८५ मिमी एफ/३.५-४.५ जी व्हीआर घ्या (व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय), वापरलेली चालेल. पुढे पैसे जमले की तिच्या जोडीला १८-३५ मिमी एफ/३.५-४.५ जी. 'एकच लेन्स हवी' ही अट मात्र जरा सैल करा, कारण वजन वाढते ते याच अटीमुळे.

हिशेब मांडू. डी७५० बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम. तुमची २४-७० आहे ९०० ग्रॅमची. म्हणजे गळ्यात १७४० ग्रॅम लटकतात आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग कॅमेऱ्याच्या पुढे असतो, त्यामुळे मनगटही दुखते. २४-८५ चे वजन ४६५ ग्रॅम, तिच्यासह कॅमेरा १३०५ वर येतो. १८-३५ फक्त ३८५ ग्रॅमची. या दोन्ही मिळून ८५० ग्रॅम होतात. तुमच्या आजच्या एका लेन्सपेक्षा दोन लेन्सचे वजन ५० ग्रॅमने कमी, आणि १८ पासून ८५ पर्यंत सगळे हाताशी. दुकानदार हे सांगत नाही, कारण या दोन्ही निकॉनच्या महागड्या लेन्समध्ये मोडत नाहीत.

आता मिररलेस. निकॉन झेड५ बॅटरी-कार्डासह ६७५ ग्रॅम आणि झेड २४-७० मिमी एफ/४ एस ५०० ग्रॅम, एकूण ११७५. म्हणजे २४-८५ लावलेल्या डी७५० पेक्षा १३० ग्रॅम कमी. तेवढ्यासाठी बॉडीही नवी आणि लेन्सही नवी! जुन्या लेन्स त्यावर चालवायच्या तर एफटीझेड अ‍ॅडॅप्टरचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम परत आलेच. मिररलेसचे फायदे खरे आहेत. एक्सपोजर व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसते, बॉडीतच स्टॅबिलायझेशन मिळते, आणि झेड २४-७० एफ/४ ही २४-८५ पेक्षा कोपऱ्यांत निःसंशय चांगली आहे. त्या कारणांसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. खांद्याच्या नावावर तो खर्च टाकू नका.

एफ/२.८ इतकी जड का, हे समजले की ती सोडताना जीव तुटत नाही. ७० मिमीला एफ/२.८ म्हणजे प्रकाश आत घेणारे तोंड २५ मिमी व्यासाचे. एफ/४ ला ते साडेसतरा मिमी पुरते. म्हणजे एफ/२.८ च्या तोंडाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले. तेवढ्या रुंद तोंडातून येणारा प्रकाश पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाही कडेपर्यंत नीट बसवायचा तर जाड आणि जास्त काचा लागतात. म्हणजे या लेन्सचे बरेचसे वजन आणि बरीचशी किंमत एफ/२.८ आणि एफ/४ यांमधल्या एका स्टॉपसाठी (म्हणजे उजेडाच्या एका दुपटीसाठी) आहे. निसर्गचित्रणात आपण तो स्टॉप वापरतो का? २४ मिमीला एफ/८ ठेवून २.४ मीटरवर फोकस केला, की १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे चालण्याजोगे शार्प येते. एफ/११ केले तर पावणेदोन मीटरवर फोकस पुरतो आणि मीटरभराच्या आतले गवतही स्पष्ट दिसते. काब द रामच्या कड्यावरून समुद्र टिपताना तुम्ही एफ/२.८ लावणार नाही, मीही नाही. एफ/८ वर चांगल्या स्थितीतली २४-८५ आणि तुमची २४-७० यांचे फोटो भिंतीवर लावण्याइतके मोठे छापले, तरी पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. फरक आहे तो २४ मिमीच्या टोकाला: २४-८५ ला तिथे सरळ रेषा बाहेर फुगतात आणि पूर्ण उघडल्यावर कोपरे मऊ पडतात. फुगवटा कॅमेऱ्यातच दुरुस्त करता येतो, ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू ठेवा. कोपऱ्यांचे औषध एफ/८.

शिवाय तुमच्या २४-७० ला व्हीआर नाही, २४-८५ ला आहे. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) सावलीत किंवा संध्याकाळी ट्रायपॉडशिवाय स्थिर विषय टिपायचा असेल, तर व्हीआरवाली हलकी लेन्स एफ/२.८ ला मागे टाकते. हलणाऱ्या विषयाला मात्र व्हीआरचा उपयोग नाही. फेरीबोटीचा कठडा इंजिनाने थरथरत असतो, त्यावर कोपर टेकवलेत तर कोणतीही लेन्स चित्र वाचवणार नाही. हात मोकळे धरा आणि शटर वाढवा. ट्रायपॉडवर चढवलीत की व्हीआर बंद.

"मग शिगम्याचे (गोव्यातल्या शिमग्याचे) काय?" हे तुम्ही विचारणारच. फोंड्यात रात्रीचे रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मिरवणुका) आणि चित्ररथ म्हणजे कमी उजेड आणि नाचणारी माणसे. तिथे एफ/२.८ लागतो हे मान्य. पण खिशात ५० मिमी एफ/१.८ जी ठेवलीत तर तिचे वजन १८५ ग्रॅम, आणि ती एफ/२.८ पेक्षा सव्वा स्टॉप जास्त उजेड घेते. उरलेले काम डी७५० चा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, करतो. ३२०० ला तो कुरकुर करत नाही. देवळांच्या गर्भागाराचा विषय काढू नका. बहुतेक ठिकाणी फोटोला मनाई असते आणि नसली तरी पुजाऱ्यांना आधी विचारायचे असते.

आता खऱ्या मुद्द्याकडे. लेन्सची निवड वजनकाट्यावर अर्धीच होते, उरलेली अर्धी आपण कुठल्या जमिनीवर उभे राहतो यावर होते. गोवा लहान आहे, पण इथली जमीन दर दहा-पंधरा किलोमीटरला वेगळी फोकल लेंथ मागते.

खाजनापासून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांपासून, सुरू करतो, कारण तिथे सगळेच वाइड लावतात आणि सगळेच निराश होऊन परततात. दिवाडी असो, चोडण असो, जमीन सपाट. बांध, पाणी, मानशीचे (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारे) दार, पलीकडे माडांची एक ओळ. २४ मिमीला यातले काय येते? वर नुसते आभाळ, खाली नुसते पाणी, आणि मध्ये माडांची केसाएवढी रेघ. ढग जबरदस्त असतील तेव्हाच हे चालते, म्हणजे जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. एरवी खाजन ७० च्या पुढे खुलते. एकामागे एक असलेले बांध जवळ येतात, पाण्यावरचा बगळा आणि मागची इगर्जी (चर्च) एका चौकटीत बसतात. दिवाडीच्या टेकडीवर पिएदादच्या इगर्जीपाशी उभे राहून खाली मांडवी आणि शेते पाहा. तिथे मला ८५ सुद्धा अपुरी वाटते.

सड्यावर याच्या अगदी उलट. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याच्या पठारावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुललेले असतात. फूल बोटाच्या पेराएवढे, आणि दाखवायचे असते ते फुलासकट संपूर्ण पठार. इथे १८-३५ सारखी लेन्स लागते: २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, आणि हे अंतर कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासूनचे, म्हणजे फूल काचेच्या अगदी पुढ्यात. १८ मिमीला सुमारे १०० अंशांचे दृश्य मिळते, २४ ला ८४ अंशांचे. आकड्यात फरक थोडका वाटतो, जमिनीवर पालथे पडल्यावर खूप मोठा. (पालथे पडताना खाली काय चिरडते ते बघा. सड्यावरची माती बोटभरसुद्धा नसते, एकदा तुडवली की तिथे पुढच्या वर्षी नुसता चिरा दिसतो.)

तांबडी सुर्ल्याला २४ पुरते. कदंबकालीन ते काळ्या दगडाचे देऊळ मोकळ्या जागेत आहे, मागे सरायला वाव आहे, आणि मागच्या डोंगरासकट घ्यायचे तर ३५ ते ५० मध्येच ते बरे दिसते. १८ लावलीत तर डोंगर पाठीमागे पळून जातो. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्लीत मागे सरायला भिंतच येते, तिथे १८ ते २४, पण कॅमेरा वर कलवू नका. पातळीत धरा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा, नाहीतर सगळी घरे पाठीवर कलंडतात.

किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा. सेन्सरवर सूर्याच्या थाळीचा व्यास फोकल लेंथच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढा असतो. ८५ मिमीला तो एक मिमीहूनही कमी. २४ मिमी उंचीच्या चौकटीत तो ठिपकाच. ३०० मिमीला पावणेतीन मिमी, म्हणजे होडी आणि सूर्य यांची जुळणी होऊ शकते. ते हवे असेल तर एएफ-पी ७०-३०० मिमी एफ/४.५-५.६ ई व्हीआर आहे, ६८० ग्रॅम. डी७५० चे फर्मवेअर मात्र आधी अद्ययावत करून घ्या. ही लेन्स रोज न्यायची नाही. पाळोळ्याला किंवा हरमलला मुद्दाम सूर्यास्तासाठी निघालात तर तिला घ्या आणि १८-३५ घरी ठेवा.

दूधसागर रेल्वेतून पाहणार असाल तर २४-८५ एकटीच बरी. कॅसलरॉक-कुळे वाटेवर धबधबा वळणावरून लांबूनही दिसतो आणि गाडी थेट त्याच्यासमोरच्या पुलावरही येते. ८५ वरून २४ वर यायला काही सेकंद मिळतात, लेन्स बदलायला मिळत नाहीत, आणि तुषारांत ती बदलूही नये. रुळांवर उतरण्याचा विचार तर मनातच आणू नका.

हे सगळे माझ्या डोळ्यांनी झाले. तुमचे उत्तर तुमच्याच हार्ड डिस्कमध्ये आहे. लाइटरूममध्ये लायब्ररी उघडा, वरच्या फिल्टर पट्टीत मेटाडेटा निवडून फोकल लेंथचा रकाना लावा आणि फक्त तुम्हाला आवडलेले, पंचतारांकित फोटो बघा. अल्बममधले सगळे नकोत, आवडलेलेच. ते २४ वर दाटले असतील तर तुम्हाला आणखी वाइड हवी आहे, म्हणजे १८-३५ आधी घ्या. ७० वर दाटले असतील तर २४-८५ आणि ७०-३०० कडे वळा. मधल्या ३५ ते ५० मध्ये फारसे काही सापडत नाही, असा बहुतेकांचा अनुभव. झूम टोकापर्यंत फिरवून थांबायची हाताला सवय असते.

ज्या लेन्स तुम्हाला लोक सुचवतील, त्यांचेही सांगतो. २४-१२० मिमी एफ/४ जी व्हीआर: ७१० ग्रॅम, पल्ला छान, पण २४-७० पेक्षा १९० ग्रॅमच कमी; १२० च्या टोकाला थोडी मऊ. 'काही झाले तरी एकच लेन्स' यावर तुम्ही अडून बसलात, तर हीच घ्या, मी वाद घालणार नाही. २८-३०० मिमी: ८०० ग्रॅम आणि सुरुवात २८ पासून. वजन वाचत नाही, वाइड जाते, आणि लांबच्या टोकाला एफ/५.६. नको.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅननच्या आरएफ मालिकेत २४-१०५ एफ/४ एल ७०० ग्रॅमची आहे आणि २४-१०५ एफ/४-७.१ अवघी ३९५ ग्रॅमची. एफ/७.१ वाचून लोक नाक मुरडतात, पण एफ/८ वर काम करणाऱ्याला त्याने काय बिघडते? सोनीत मी डोळे मिटून २०-७० मिमी एफ/४ जी सांगतो, ४८८ ग्रॅम. २४ ऐवजी २० पासून सुरू होणे हे फिरतीवर फार मोलाचे. सिग्माची २८-७० एफ/२.८ ४७० ग्रॅमची आणि टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ साडेपाचशेच्या आसपासची. दोन्ही हलक्या, दोन्ही उत्तम, पण सुरुवात २८ पासून, म्हणजे ७५ अंश. माणसांचे फोटो जास्त काढणाऱ्याने घ्याव्यात, सड्यावर जाणाऱ्याने नव्हे.

फिल्टरचा खर्च लोक विसरतात. तुमचा पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) ७७ मिमीचा आहे, तो १८-३५ ला थेट बसेल. २४-८५ चे तोंड ७२ चे आणि ७०-३०० चे ६७ चे. नवे फिल्टर घेऊ नका, ७२ ते ७७ आणि ६७ ते ७७ अशा दोन स्टेप-अप रिंगा (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कड्या) आणा. हूड (लेन्सपुढे सावली धरणारी कड) बसत नाही ही त्यातली एक गैरसोय, तिथे हाताची सावली धरायची. पावसाळ्यात पोलरायझर आभाळासाठी नसतो, ओल्या पानांसाठी असतो. सुपारीच्या आणि केळीच्या पानांवरची पांढरी चकाकी गेली की खालचा हिरवा वर येतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढा द्या. निळ्या आभाळाखाली १८ मिमीला मात्र तो काढून ठेवा, अर्धे आभाळ गडद आणि अर्धे फिकट येते.

आपल्या हवेचा विषय टाळता येत नाही. हलक्या झूम लेन्सच्या नळ्या बहुधा बाहेर सरकतात. पावसात किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात नळी बाहेर असेल, तर आत ढकलण्याआधी ती फडक्याने पुसा, नाहीतर ओल आत जाते आणि आतच राहते. वेदर सीलिंग म्हणजे शिंतोड्यांपासूनचे संरक्षण. चोर्ल्याच्या पावसाला ते पुरत नाही, छत्रीच लागते. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका. अर्धा तास बंद बॅगेतच बाहेरच्या हवेवर येऊ दे, नाहीतर काच धूसर होते, आणि तीच वाफ नळीच्या आतही धरते. घरी कपाटात, चामड्याच्या कव्हरात लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. ड्राय कॅबिनेट ४५ टक्क्यांच्या आसपास लावून ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायचे. लग्नकार्यांसाठी राखून ठेवलेल्या तुमच्या २४-७० लाही हेच. न वापरलेल्या लेन्सला बुरशी आधी धरते.

आणि सर, बॅग रिकामी करून एकदा काट्यावर ठेवाच. पुष्कळशा कॅमेरा बॅगा नुसत्याच दीड-दोन किलोच्या असतात. दोन हलक्या लेन्ससाठी साधी पाठीवरची सॅक आणि आत मऊ खण पुरतो. एका खांद्यावरचा पट्टा तर खांदा दुखणाऱ्याने वापरूच नये. ट्रायपॉडवर मात्र वजन कापू नका. फार हलका ट्रायपॉड काब द रामच्या वाऱ्यात डोलतो आणि सगळे शार्पपण तिथेच जाते.

वापरलेली २४-८५ मिळायला अडचण नसते, कारण डी६०० आणि डी७५० सोबत ती किट म्हणून विकली जायची. पण गोव्यातली किंवा कोकणातली असेल तर दोनदा तपासा. टॉर्च मागून लावून पुढून तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, आणि घरातल्या लेन्सच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका. धुळीचे दोन-चार कण असतील तर दुर्लक्ष करा. मग चिऱ्याच्या एखाद्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून २४, ५० आणि ८५ ला एफ/८ वर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, परत करा. व्हीआर चालू करून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र उडी मारते का, आणि लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, एवढे पाहिले की व्यवहार करायला हरकत नाही. शक्य असेल तर विकणाऱ्याला सांगून एक दिवस ती भाड्याने घ्या आणि तुमच्या नेहमीच्या वाटेवर नेऊन बघा. संध्याकाळी खांदा काय म्हणतो, ते कळवा.